सुरतेच्या अंगणातील माड, पोफळ आणि शिंदी

सुरतेत स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये दोन प्रकारची माणसे आहेत. काही कोकणातून आली, काही तापीच्या काठाकाठाने खानदेशातून. कोकणातल्या घरांना दारात माड हवा असतो, कारण गावी तो होता. खानदेशातल्या घरांना तो हवा असतो, कारण गावी तो नव्हता. दोघांचाही प्रश्न एकच असतो: सुरतेत माड जगेल का?

मंडळाकडे हा प्रश्न दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर येतो. प्रत्येकाला तोंडी उत्तर देण्यापेक्षा आमचा अनुभव आणि कृषी विद्यापीठांच्या शिफारशी एकत्र करून ही माहिती येथे ठेवत आहोत.

यामागे आमचे एक दुःखही आहे. मंडळाच्या वास्तूमागे जुन्या सभासदांनी लावलेले तीन बाणवली माड होते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला तेव्हा आवारात कंबरभर पाणी होते. पपई आणि शेवगा गेले, पण तिन्ही माड उभे राहिले. पुराने न गेलेले हे माड पुढे आमच्या हाताने गेले. गणेशोत्सवाच्या रोषणाईसाठी आम्ही खोडांना खिळे ठोकले आणि नारळ पाडणाऱ्याला चढता यावे म्हणून खाचा पाडल्या. काही वर्षांत दोन माडांचे शेंडे वाळून मोडून पडले. लावणाऱ्यांपैकी एक आजोबा तेव्हा हयात होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या समोर खोडे कापताना आम्हाला जे वाटले ते इतर कोणाला वाटू नये, म्हणून हे टिपण.

सुरतेची हवा माडाला किती मानवते?

माडाला साधारण २७ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान, हवेत ओलावा आणि वर्षभर पाणी लागते. सुरत समुद्रापासून फार दूर नाही आणि दक्षिणेला नवसारी-वलसाडच्या किनारपट्टीत नारळाच्या बागा आहेत. तेव्हा आपले शहर माडाच्या प्रदेशाबाहेर नाही, पण त्याच्या उत्तरेकडच्या कडेला आहे. कोकणात जी चूक झाड पोटात घालते, ती येथे घालत नाही.

फरक नेमका कुठे आहे ते पाहू.

पाऊस: सुरतेत वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त. दोन्हीकडे तो मुख्यतः जून ते सप्टेंबर याच काळात पडतो. म्हणजे पाणी कोकणातही द्यावे लागतेच; येथे ते अधिक नेमाने द्यावे लागते.

थंडी: जानेवारीत रात्रीचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरते, काही रात्री त्याहून खाली. एवढ्या थंडीने मोठा माड मरत नाही. त्याची वाढ मंदावते, नवी झावळी उशिरा उलगडते आणि काही वेळा कोवळी फळे गळतात. फेब्रुवारी संपता संपता झाड पुन्हा हलू लागते.

कोरडी हवा: खरा त्रास हिचा. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा कोरडा वारा आणि एप्रिल-मेमधले ऊन यांत मुळाशी पाणी नसेल तर झावळ्यांची टोके करपतात. लोक त्याला थंडीचा किंवा उन्हाचा मार म्हणतात. बहुधा तो तहानेचा असतो.

कोणते झाड कोणत्या घराला?

माड. उंच जातींत बाणवली ही कोकणातली जुनी जात. तिला फळ यायला ६ ते ८ वर्षे लागतात, पण झाड दोन-तीन पिढ्या टिकते. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने निवडलेली ‘प्रताप’ ही जातही उंच आहे. ठेंगण्या जातींत ‘चौघाट ऑरेंज डॉर्फ’ शहाळ्यासाठी चांगली. ३-४ वर्षांत फळते, पण पाण्याचा ताण मुळीच सोसत नाही. उंच आणि ठेंगण्या जातींच्या संकरातून झालेली टी × डी रोपे या दोहोंच्या मध्ये बसतात. नियमित पाणी देणे जमणार नसेल तर उंच जातच घ्यावी. ठेंगणी जात लवकर फळते म्हणून घेतलेल्या अनेकांची झाडे आम्ही तिसऱ्या उन्हाळ्यात सुकलेली पाहिली आहेत.

माडाची झावळी ५ ते ६ मीटर लांब होते. त्यामुळे भिंतीपासून निदान ४ मीटर जागा सोडावी. दोन माडांत ७.५ मीटर अंतर ठेवावे. माडाला वडा-पिंपळासारखे सोटमूळ किंवा जाड मुळे नसतात, तंतुमय मुळे असतात. तेव्हा ‘पाया फोडेल’ ही भीती बाळगू नये. भीती बाळगावी ती वरून पडणाऱ्या नारळाची. विजेच्या तारा, गाड्या उभ्या करण्याची जागा आणि मुले खेळतात तो कोपरा येथे माड लावू नये. रो-हाउसच्या दहा फुटी अंगणात तर लावूच नये. नंतर तोडण्याची वेळ येते, आणि त्यासाठी महापालिकेची परवानगी घ्यावी लागते.

पोफळ. सुपारीचे हे झाड जागा थोडी घेते, पण माडापेक्षा नाजूक आहे. त्याला सावली, ओलावा आणि गोडे पाणी लागते. दुपारनंतरचे नैर्ऋत्येचे ऊन थेट खोडावर पडले तर साल भाजते आणि तिथून खोड चिरते. सुरतेत पोफळ लावायचीच तर घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, नाहीतर मोठ्या झाडांच्या आडोशाला लावावी. दोन पोफळींत २.७ मीटर अंतर पुरते. खारे बोअरचे किंवा आर.ओ. यंत्राचे टाकाऊ पाणी तिला देऊ नये.

एक गैरसमज येथेच दूर करू. रोपवाटिकेत ‘अरेका पाम’ म्हणून जे कुंडीतले झाड मिळते ती सुपारी नव्हे. ते मूळचे मादागास्कर बेटावरचे झुपकेदार शोभेचे झाड आहे. फ्लॅटच्या गॅलरीसाठी ते उत्तम, पण त्याला सुपारी धरण्याची वाट पाहू नये.

शिंदी आणि ताड. ही दोन्ही झाडे दक्षिण गुजरातच्या मातीतली आहेत. शेताच्या बांधावर, खारट जमिनीच्या कडेला कोणी पाणी न घालता ती उभी असतात. थंडी, ऊन, कोरडा वारा यांचे त्यांना काही वाटत नाही. उन्हाळ्यात सुरतेच्या रस्त्यांवर ‘गलेली’ म्हणून विकतात ते आपले ताडगोळे. ताडाला फळ यायला १२ ते २० वर्षे लागतात आणि नर-मादी झाडे वेगळी असल्याने फळ फक्त मादी झाडालाच येते. शिंदीचेही तसेच. मोठे आवार असेल आणि रोज पाणी द्यायला माणूस नसेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: माड नको, शिंदी लावा. मात्र गुजरातेत दारूबंदी आहे. ताडी काढणे गुन्हा आहे आणि नीरा काढायलाही परवाना लागतो. घरचे झाड आहे म्हणून छेदू नये.

खजूर. कच्छमध्ये ओली खारेक फार चांगली येते, म्हणून काही सभासदांनी ‘बारही’ जातीची रोपे आणली. झाड सुरतेत वाढते, पण फळ पिकण्याची वेळ आणि पावसाची वेळ एकच येते. कच्छपेक्षा आपल्याकडे पाऊस कितीतरी जास्त असल्याने घड सडतात. शोभेसाठी लावायला हरकत नाही.

भेरली माड. सह्याद्रीतला हा देखणा माड सुरतेत सावलीत वाढतो. पण त्याला एकदा वरून खाली फुलोरे येऊ लागले की शेवटच्या फुलोऱ्यानंतर झाड मरते. हा रोग नाही, त्याचा स्वभाव आहे. फळांच्या रसाने अंगाला खाज सुटते, म्हणून लहान मुलांच्या वाटेवर लावू नये.

रोप कसे निवडावे?

पूजेचा नारळ अंगणात पुरून माड उगवेल अशी आशा बरेच जण धरतात. बाजारातला नारळ सोललेला असतो. शिवाय तो कोणत्या झाडाचा आणि किती दिवसांचा हे कळत नाही. रुजवायचा नारळ न सोललेला, ११-१२ महिन्यांचा पक्व, हलवल्यावर आत पाणी वाजणारा असावा. तो २० वर्षांहून मोठ्या, दरवर्षी भरपूर फळणाऱ्या झाडाचा असावा.

तयार रोप घेताना ९ ते १२ महिन्यांचे, ५-६ पाने असलेले, बुंध्याशी जाड आणि ठेंगणे रोप घ्यावे. उंच, किरकोळ बांध्याचे रोप दिसायला मोठे असते, पण मागे पडते. गावी जाणे होत असेल तर भाट्ये किंवा दापोलीच्या विद्यापीठाची रोपे आणावीत. नारळ विकास मंडळाचे पालघर येथेही केंद्र आहे, आणि पालघर आपल्या मुंबईच्या गाडीच्या वाटेवरच आहे.

जमीन आणि लागवड

सुरतेत दोन प्रकारची जमीन आढळते. तापीच्या काठाला गाळाची जमीन आहे. ती माडाला चांगली. इतर बऱ्याच भागांत काळी चिकण माती आहे. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माड पुराचे दोन-तीन दिवसांचे पाणी सोसतो, पण महिनाभर मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही.

खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल घ्यावा. काळ्या जमिनीत तळाशी विटांचे तुकडे व रेती घालावी. वरची चांगली माती, रेती आणि दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा. रोपाचा नारळ मातीत बसेल, पण कोंब निघतो तो भाग उघडा राहील, इतपतच माती घालावी. पाणी साचणारी जागा असेल तर उंचवट्यावर लावावे.

निचऱ्याच्या जमिनीत जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर लागवड करावी. काळ्या जमिनीत मोठा पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये केलेली बरी. खड्ड्यात मीठ घालण्याची कोकणी रीत आहे. सुरतेत बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी आधीच खारे असते, तिथे मीठ घालू नये.

पहिले दोन उन्हाळे रोपाला नैर्ऋत्येकडून सावली हवी. गोणपाट किंवा वाळलेल्या झावळ्या पुरतात.

पाणी आणि खत

केळीला पाणी कसे लागते हे जळगावकडच्या घरांना सांगायला नको. माडालाही तसेच नेमाचे पाणी लागते. मोठ्या माडाला ऑक्टोबर ते मे ठिबकने रोज ३० ते ४० लिटर पाणी द्यावे. आळ्याने द्यायचे तर चार दिवसांनी २०० लिटर. आळे खोडापासून सुमारे १.८ मीटर त्रिज्येचे असावे, कारण अन्न घेणारी बहुतेक मुळे तेवढ्यातच असतात. खोडाला चिकटून पाइप सोडून दिला तर पाणी वाया जाते. आळ्यात नारळाची सोडणे पुरावीत, त्यांची खोलगट बाजू वर ठेवावी. ती ओलावा धरून ठेवतात.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. माडाची पोय बाहेर दिसते त्याच्या दोन वर्षांहून अधिक आधी ती आत घडायला लागलेली असते, आणि पोय उमलल्यापासून नारळ पक्व व्हायला आणखी वर्ष लागते. म्हणून यंदाच्या मे महिन्यात सुट्टीला गावी गेलो आणि माड तहानलेला राहिला, तर त्याची वजावट पुढची दोन-तीन वर्षे होत राहते. ‘पाणी तर देतोय, मग फळ का नाही?’ या तक्रारीचे उत्तर बहुधा मागच्या उन्हाळ्यांत असते. सुट्टीला जाताना शेजाऱ्यांकडे घराची किल्ली देतो, तशी माडाच्या पाण्याचीही व्यवस्था लावून जावे.

पाच वर्षांवरील माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, २.२५ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश अशी कोकणातली शिफारस आहे. पहिल्या वर्षी याचा पाचवा हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन पंचमांश, अशी चढती मात्रा द्यावी. शेणखत आणि सुपर फॉस्फेट पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदम द्यावे. युरिया आणि पोटॅश जून, ऑक्टोबर व फेब्रुवारी असे तीन वेळा विभागून आळ्यात पसरावे आणि लगेच पाणी द्यावे.

माड खरोखर कशाने मरतो?

आंब्याच्या खोडाला जखम झाली तर साल वाढून ती भरून येते. माडाचे तसे नाही. त्याच्या खोडात जखम भरून काढणारा थरच नसतो. आज पाडलेली खाच झाड मरेपर्यंत तशीच राहते. शिवाय माडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की फांदी फुटत नाही, झाड संपले. या दोन गोष्टी समजल्या की पुढचे सारे नियम आपोआप कळतात.

गेंड्या भुंगा. हा काळा, शिंग असलेला भुंगा कोवळी सुई पोखरतो. तीच झावळी उलगडली की कात्रीने पंख्यासारखी कापल्यागत दिसते. त्याच्या अळ्या शेणखताच्या उकिरड्यात आणि कुजक्या ओंडक्यांत वाढतात. म्हणून उकिरडा माडापासून दूर ठेवावा आणि उपसत राहावा. वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून त्यावर रेती घालावी, दीड महिन्याने बदलाव्यात. किंवा निंबोळी पेंड आणि रेती प्रत्येकी पाव किलो मिसळून वर्षातून तीनदा बेचक्यांत भरावी. भोक ताजे असेल तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढता येतो.

सोंड्या भुंगा. हा तांबूस भुंगा अधिक घातक. ताज्या जखमेच्या वासाने तो येतो आणि तिथे अंडी घालतो. अळ्या खोड आतून खातात. भोकातून तपकिरी चिकट रस गळणे, चघळलेला भुसा बाहेर पडणे, खोडाला कान लावल्यावर करकर ऐकू येणे ही त्याची लक्षणे. शेंडा कलला की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आमच्या दोन माडांचे हेच झाले. खाचांपाशी रस गळताना आम्ही पाहिला होता. झाडाचा डिंक असेल असे समजून सोडून दिला. असा रस दिसला तर त्याच आठवड्यात जाणकाराला दाखवावे. नवसारी कृषी विद्यापीठ जवळच आहे. मेलेले झाड आवारात पडू देऊ नये. खोड फोडून जाळावे, नाहीतर त्यातले भुंगे शेजारच्या माडावर जातात.

म्हणून हे पाळावे:

• खोडाला खिळा, हूक, तार ठोकू नये. रोषणाई दोरीने सैल बांधावी आणि उत्सव संपताच काढावी.
• चढण्यासाठी खाचा पाडू नयेत.
• मखरासाठी किंवा मांडवासाठी हिरव्या झावळ्या तोडू नयेत. पूर्ण वाळलेलीच झावळी काढावी.
• बुंध्याभोवती काँक्रीटचा कठडा बांधताना खोडाला इजा होऊ देऊ नये आणि आळे बुजवू नये.
• चुकून जखम झालीच तर त्याच दिवशी डांबर किंवा बोर्डो पेस्ट लावावी.

थंड देशांतील मुलांसाठी

काही सभासदांची मुले लंडनला किंवा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत. तिथे माड लावता येईल का, असे ती विचारतात. माड नाही, बर्फ पडणाऱ्या ठिकाणी तो उघड्यावर एक हिवाळाही काढणार नाही. पण ट्रॅकिकार्पस नावाचा चिनी पंखापानी ताड तिथल्या परसात बर्फ अंगावर घेऊन उभा राहतो. मोठे झाड उणे १५ अंशांच्या आसपासची थंडी सोसते. याच कुळातली एक जात आपल्या कुमाऊंच्या डोंगरांत, पिथौरागडच्या बाजूला, दोन हजार मीटर उंचीवर रानात आढळते. तिथेही नियम फार वेगळा नाही: निचरा चांगला ठेवावा, बोचऱ्या वाऱ्याचा आडोसा द्यावा आणि कोंबात पाणी साचून गोठू देऊ नये. नारळ मिळणार नाही, पण दारात झावळी हलेल.

शेवटचा प्रश्न: पाडणार कोण?

कोकणात पाडेली गावातच असतो. सुरतेत तो शोधावा लागतो आणि चांगला मिळाला तर त्याच्यासाठी सात-आठ घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा. खाचांऐवजी पायात अडकवायची शिडी मिळते. मंडळाने तसा एक जोड घेतला आहे आणि तो सभासदांना वापरायला मिळतो. मात्र शिकलेल्या माणसाशिवाय कोणी चढू नये. वर्षातून तीन-चार वेळा पाडणी केली की पडणाऱ्या नारळाची भीती उरत नाही, आणि त्याच फेरीत शेंडा साफ होऊन भुंग्याची पाहणीही होते.

वास्तूमागचा तिसरा माड अजून उभा आहे. त्याच्या खोडावर आमच्या जुन्या खाचा दिसतात. त्यांत आम्ही डांबर भरले आहे. मोकळ्या झालेल्या दोन जागांपैकी एकीवर, कोंबापाशी ऊन पोचते तिथे, नवे बाणवली रोप लावले आहे. दुसरी जागा भिंतीला फार जवळ होती, म्हणून ती रिकामी ठेवली. रोपाला पाणी घालण्याची पाळी फळ्यावर लिहिलेली असते. संध्याकाळी वास्तूत येणाऱ्यांनी ती पाहावी आणि आपली असेल तर बादली उचलावी.